चौकातला हिशेब

रांग म्हणजे काय, हे मी बँकेच्या काउंटरवर शिकलो. दर महिन्याच्या सुरुवातीला जवळच्या एका कारखान्याचा शिपाई पन्नासेक कामगारांची पासबुके पिशवीत घालून यायचा आणि मुकाट्याने रांगेत उभा राहायचा. त्याच्यापुढे एकेक पासबुकवाले दहाजण असत. नियमाने तो अकरावा; पण त्याच्या पिशवीत पन्नास घरे उभी होती. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी एके दिवशी त्याच्यासाठी वेगळी खिडकी उघडली. चार दिवस कुरकुर झाली, मग थांबली.

परवा स्वारगेटच्या बसमध्ये उभा असताना तो शिपाई आठवला. सिग्नल लाल होता. बसमध्ये साठ-एक माणसे, शेजारच्या मोटारीत एक. माझ्याजवळ उभी असलेली, चार घरची धुणीभांडी करणारी बाई म्हणाली, "काका, पहिल्या घरी उशीर झाला की चारही घरची बोलणी खावी लागतात."

जुन्या सवयीने मी आकडेमोड केली. बस एक मिनिट थांबली तर साठजणांचा मिळून एक तास खर्ची पडतो. मोटारवाल्याचे एक मिनिट ते एकच मिनिट. चौकातला दिवा मात्र वाहनांचा हिशेब ठेवतो, माणसांचा नाही. रस्ते माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहेत, वाहनांच्या नव्हे, असे केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणानेच म्हटले आहे. त्याच वर्षी पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिकाही आली. पण मार्गिका चौकात येऊन संपते आणि खरी खोळंबणूक तिथेच असते.

यावर उपाय आहे. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या नागरिकांनी १९७३ साली भुयारी रेल्वे मतदानाने नाकारली आणि १९७७ साली ट्राम व बस विनाअडथळा धावाव्यात म्हणून वीस कोटी फ्रँक मंजूर केले. तिथे ट्राम किंवा बस चौकाजवळ आली की सिग्नलला वर्दी मिळते. दिवा हिरवा असेल तर तो काही सेकंद जास्त टिकतो. लाल असेल तर लवकर बदलतो.

आडव्या रस्त्यावरच्यांनी काय करायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण घेतलेले सेकंद पुढच्या फेरीत त्यांना परत देता येतात. बँकेच्या भाषेत ही उचल आहे, लूट नव्हे. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. गर्दीतून बस चौकापर्यंत पोचली पाहिजे, म्हणून मार्गिकेत दुचाक्या आणि रिक्षा घुसता कामा नयेत. आणि बसथांबा शक्यतो चौकाच्या पलीकडे हवा. अलीकडे असला तर माणसे चढत-उतरत असतानाच हिरवा दिवा विझून जातो.

आपल्यापैकी अनेकांच्या दारात आता गाडी आहे. बसला वाट देणे म्हणजे आपण मागे पडणे, असे त्यांना वाटेल. पण बस वेळेवर येते असा भरवसा वाटला, तर यांतलेच काहीजण गाडी घरी ठेवतील आणि उरलेल्यांचाही रस्ता मोकळा होईल.

मी निवृत्त माणूस. दहा मिनिटे उशीर झाला तरी माझे काही बिघडत नाही. ती बाई मात्र दिवा हिरवा होण्याआधीच बसमधून उतरली आणि गाड्यांमधून वाट काढत पायी निघाली. बस तिच्या मागेच उभी होती.