अस्मानीचे माप सुलतानीच्या हाती



पीक बुडाले की पुढाऱ्यांच्या तोंडी एक ठरलेला शब्द येतो : निसर्गाचा लहरीपणा. निसर्ग लहरी आहे हे कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. मृगात पेरावे की आर्द्रापर्यंत थांबावे, हा जुगार तो बापजाद्यांपासून खेळतो आहे. पण पाऊस किती पडला आणि त्याने किती नुकसान केले, हे कागदावर निसर्ग लिहीत नाही. ते सरकार लिहिते, सरकारच्या भांड्याने मोजून लिहिते.

हे भांडे महसूल मंडळाच्या ठिकाणी असते. तोंड वीतभर. एका मंडळात साधारण वीसेक गावे. त्या भांड्यात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाणी पडले तर अतिवृष्टी. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असा आपला पाऊस! मंडळाच्या गावी ५८ मिलिमीटर पडला आणि तुमच्या शिवारात नाल्याने बांध फोडून पऱ्हाटीसकट माती नेली, तरी कागदोपत्री अतिवृष्टी झालीच नाही. सततच्या पावसाचा निकष २०२३ साली आला, पण त्याचेही माप याच भांड्यात.

पाऊस न पडण्याचाही हिशोब असाच. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. कपाशी पाते गाळत होती. हवामान खात्याच्या लेखी अडीच मिलिमीटर पाणी पडले की तो 'पावसाचा दिवस'. अडीच मिलिमीटरने काळ्या रानातल्या ढेकळावरची धूळसुद्धा बसत नाही. पण तेवढ्या शिंतोड्याने कोरड्या दिवसांची मोजणी तुटते आणि आपण पुन्हा एकपासून दिवस मोजत बसतो. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर सरकारने दुष्काळ जाहीर केला तो ४० तालुक्यांत. बाकीच्यांनी ओरड केल्यावर 'दुष्काळसदृश' मंडळांची यादी निघाली. दुष्काळसदृश! म्हणजे दुष्काळासारखा दिसणारा, पण दुष्काळ म्हणायचा नाही असा. भाषा कशी वाकवावी हे या लोकांकडून शिकावे.

आता पीकविमा. मंडळातल्या मागच्या सात वर्षांपैकी चांगली पाच वर्षे धरायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिच्या ७० टक्क्यांना म्हणायचे उंबरठा उत्पन्न. समजा, सरासरी निघाली एकरी ५ क्विंटल कापूस. उंबरठा झाला साडेतीन. यंदा मंडळाचे उत्पन्न ३ क्विंटल आले. तुमच्या घरात पाचाचे तीन झाले, म्हणजे ४० टक्के बुडाले. विम्याच्या लेखी साडेतीनाचे तीन झाले, म्हणजे १४ टक्के. मंडळात ३ क्विंटल ६० किलो आले असते तर भरपाई शून्य. आणि ज्या भागात तीन-चार वर्षे लागोपाठ मार बसला, तिथली सरासरीच खाली येते, उंबरठाही खाली जातो. ज्याला विम्याची गरज सर्वात जास्त, त्याचे संरक्षण सर्वात कमी. पूर्वी निदान एकट्याच्या शेतातले नुकसान ७२ तासांत कळवायची एक वाट होती. २०२५ च्या खरिपात राज्याने तीही बंद केली आणि सगळे पीककापणी प्रयोगावर टाकले. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात शिवारेच्या शिवारे पाण्याखाली गेली.

भावांनो, तोच पाऊस कापसाच्या खरेदी केंद्रावर कसा मोजतात ते बघा. तिथे मंडळ नाही, सरासरी नाही, सात वर्षे नाहीत. प्रत्येक गाडीत मीटर खुपसतात. हमीभाव ८ टक्के ओलाव्याला. पुढे प्रत्येक टक्क्यामागे एक टक्का कपात. १२ च्या वर गेला की गाडी परत. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. १२ टक्के ओलावा निघाला तर क्विंटलमागे सुमारे ३२४ रुपये गेले. जो पाऊस भरपाईच्या कागदावर सापडत नाही, तो आपल्या बोंडात बरोबर सापडतो! द्यायचे असेल तेव्हा वीस गावांना एक भांडे, कापायचे असेल तेव्हा गाडीगणिक मीटर.

ज्वारीवाल्याला तर मीटरही लागत नाही. दाणा भरताना पाऊस लागून काळी पडलेली ज्वारी व्यापारी मुठीत घेतो, नुसते बघतो आणि जनावराच्या खाद्याचा भाव सांगतो. रब्बीवाल्याच्या रानाला वाफसाच आला नाही आणि पेरणी हुकली, तर त्याचे नुकसान कोणत्या भांड्यात मोजणार? न पेरलेल्या पिकाचा पीककापणी प्रयोग होत नाही.

गावोगाव पर्जन्यमापक बसवायला पैसा कुठला, असे अधिकारी विचारतात. केंद्राच्या 'विंड्स' योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वयंचलित पर्जन्यमापक असे लिहिलेलेच आहे. आपण भीक मागत नाही, त्यांचाच कागद त्यांना वाचून दाखवतो आहोत. वसुलीसाठी सातबाऱ्यावर गुंठा न् गुंठा मोजणाऱ्यांना गावचा पाऊस मोजणे जड का जावे?

तेव्हा जिल्हा बैठकीत ठराव दोनच : पाऊस गावाचा धरा, आणि उंबरठा उत्पन्नातून मार खाल्लेली सगळी वर्षे वगळा.

तोवर आपले माप आपण ठेवू. तेलाचा रिकामा डबा घ्या, वरचा पत्रा पूर्ण कापा, झाडा-भिंतीपासून दूर उघड्यावर रोवा. बाजू सरळ आणि बूड सपाट असले की झाले. रोज सकाळी साडेआठला शाळेची पट्टी बुडवा. साडेसहा सेंटिमीटर म्हणजे ६५ मिलिमीटर. आकडा वहीत लिहा, डबा रिकामा करा, दोघांच्या सह्या घ्या. एक सही बाईची असू द्या, कारण पावसात रानात आणि घरात दोन्हीकडे तीच असते. बैठकीला येताना वही बरोबर आणा. मंडळाचा आकडा आपण तहसिलातून मागून घेऊ आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचू.