विकत घेतलेले गाणे कोणाचे?

वाचून झालेली कादंबरी आपण रद्दीवाल्याला किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात खुशाल विकतो. त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही, कारण भारतीय प्रताधिकार कायद्याने (१९५७) आधीच वितरणात आलेल्या प्रती हक्कधारकाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. गाण्याच्या तबकडीला मात्र ही उदारता लाभली नाही. १९९४च्या दुरुस्तीने, प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, ती विकण्याचा अधिकार हक्कधारकाकडेच ठेवला. शब्दशः वाचले तर पदपथावर जुन्या तबकड्या मांडून बसणारा गरीब विक्रेताही गुन्हेगारच! २०१२ साली ते शब्द वगळले गेले. परंतु पुस्तकाला दिलेली स्पष्ट मोकळीक ध्वनिमुद्रणाच्या कलमात आजही लिहिलेली नाही.

नकलेची कथाही तशीच. खासगी वापराची सवलत २०१२पर्यंत साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांनाच होती. ध्वनिमुद्रणाचा तीत उल्लेखच नव्हता. म्हणजे बुरशी धरू लागलेल्या कॅसेटवरचे नाट्यपद स्वतःपुरते संगणकात उतरवून घेणाऱ्या रसिकाला कायद्यात ठाम आधार नव्हता.

यावर हमखास उत्तर येते, 'मग कलावंताने खायचे काय?' प्रश्न रास्त आहे, पण तो भलत्याच दारात विचारला जातो. कायद्याच्या लेखी ध्वनिमुद्रणाचा कर्ता गायक नसून निर्माता आहे. शेकडो नकला काढून बाजारात विकणारा चोरच. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि ती व्हावी. पण एकच प्रत दुसऱ्या हाती गेली, तर कोणाचे काय चोरले गेले? विकताना स्वतःजवळची नक्कल पुसावी, एवढी अट आम्हांलाही मान्य आहे.

अमेरिकेत 'रीडीजी' या कंपनीने पैसे मोजून घेतलेल्या गाण्यांच्या फायली पुन्हा विकण्याची सोय केली होती. फाईल हस्तांतरित करताना नवी प्रत निर्माण होते, म्हणून ते उल्लंघनच, असा निवाडा तेथील अपील न्यायालयाने २०१८ साली दिला. तर्क बिनतोड असेल. परिणाम असा की तबकडी वारशाने देता-विकता येते, फाईल मात्र विकत घेऊनही परकीच राहते.

नाट्यसंगीत शिकवताना आम्ही ज्या मुद्रणांवर विसंबतो, त्यांतली कितीतरी कंपन्यांनी नव्हे, हौशी संग्राहकांनी जपली. जुन्या बाजारात विकत घेऊन आणि नकला करून जपली. त्यांना संशयिताच्या पिंजऱ्यात उभे करणारा कायदा संगीताचे रक्षण करतो, असे आम्हांला तरी म्हणवत नाही.