वाणसामानासाठी चार जीव : अखेरच्या शटलची दुसरी बाजू

८ जुलै २०११. फ्लॉरिडातील केनेडी अंतराळ केंद्रावरून ‘अटलांटिस’ झेपावले. स्पेस शटलचे हे १३५वे आणि शेवटचे उड्डाण. त्या दिवसाविषयी आजही गहिवरून लिहिले जाते. यानात नेमके काय भरले होते आणि ते पोहोचवायला माणसे कशाला हवी होती, हा प्रश्न मात्र त्या गहिवरात बुडून जातो. हा धागा त्या प्रश्नाचा.

यानाच्या पोटात ‘रफाएलो’ नावाचा इटलीत घडवलेला मालकक्ष होता. त्यात सुमारे चार टन सामान : अन्न, कपडे, सुटे भाग. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला वर्षभराची बेगमी करून द्यायची, हा मोहिमेचा मुख्य हेतू. सरळ शब्दांत सांगायचे तर वाणसामान.

शटलमधून एरवी सहा-सात जण जात. या खेपेस चौघेच होते : ख्रिस फर्ग्युसन, डग हर्ली, सँड्रा मॅग्नस आणि रेक्स वॉलहाइम. कारण साधे, पण अंगावर काटा आणणारे आहे. अटलांटिस वरच निकामी झाले असते, तर सुटकेसाठी धाडायला दुसरे शटल सज्ज नव्हते. चौघांना स्थानकावर मुक्काम ठोकून रशियाच्या तीन आसनी सोयुझ यानांतून एकेक करून उतरावे लागले असते, आणि त्यात जवळजवळ वर्ष गेले असते. माणसे इतकी मोजकी होती की मोहिमेतला एकमेव स्पेसवॉक स्थानकाचे रहिवासी माइक फॉसम आणि रॉन गॅरन यांनी केला.

म्हणजे धोका नियोजकांना पुरता ठाऊक होता. तो टाळण्याची रीतही नवी नव्हती. २० जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाने ‘प्रोग्रेस-१’ हे मानवरहित मालवाहू यान सोडले. ते सॅल्यूत-६ स्थानकाला आपोआप जोडले गेले. तिथे राहणाऱ्या रोमानेंको आणि ग्रेच्को यांनी सामान उतरवून घेतले, रिकाम्या यानात कचरा भरला आणि पुढे ते यान वातावरणात जळून गेले. ना डौल, ना गाजावाजा. अमेरिकेचे शटल मात्र माणसांशिवाय उडवायचेच नाही, असे योजले गेले होते. (त्याच्यासारखेच दिसणारे सोव्हिएत ‘बुरान’ १९८८ साली आत कोणीही नसताना कक्षेत जाऊन धावपट्टीवर उतरले, त्याचे दुर्दैव असे की ते पुन्हा उडालेच नाही.)

माणूस आणि माल एकाच यानात कोंबण्याची किंमत १ फेब्रुवारी २००३ रोजी कळली. ‘कोलंबिया’ स्थानकाकडे गेलेले नव्हते, ते संशोधनमोहिमेवरून परतत होते. कल्पना चावलांसह सातही जण दगावले. पण शटल थांबले आणि स्थानकाची मोठी रसदही त्याच क्षणी थांबली. पुढचे उड्डाण २६ जुलै २००५ रोजी झाले. मधली अडीच वर्षे स्थानक रशियाच्या लहानग्या प्रोग्रेस यानांवर तगले आणि तिथला मुक्कामी चमू तिघांवरून दोघांवर आणावा लागला. २००४ च्या अमेरिकी अंतराळ धोरणात माल आणि माणसांची वाहतूक शक्य तितकी वेगळी करावी, असे लिहिले गेले. सोव्हिएत संघाने ते करून पाहिल्याला तेव्हा २६ वर्षे झाली होती.

शटलचे समर्थक एक मुद्दा रास्त मांडतात. त्या काळी प्रोग्रेस काहीच परत आणू शकत नसे. अटलांटिसने येताना २०१० साली बिघडलेला अमोनियाचा पंप तपासणीसाठी आणला. तेव्हा एवढा बोजड नग खाली आणणारे दुसरे वाहन नव्हते. दुरुस्तीला माणूस लागतो, हेही खरे. राकेश शर्मा १९८४ साली ज्या सॅल्यूत-७ वर राहिले, ते पुढच्याच वर्षी वीज जाऊन गोठले. जानिबेकोव्ह आणि साविनिख यांनी हाताने यान जोडून त्याला पुन्हा जिवंत केले. ते काम त्या काळच्या कुठल्याही यंत्राला जमले नसते. पण गोठलेले स्थानक वाचवणे वेगळे आणि शिध्याची पोती वाहणे वेगळे. या दोन्ही धाडसांना एकाच मापाने मोजण्यात इतिहासाची गफलत होते.

२१ जुलै २०११ रोजी अटलांटिस सुखरूप उतरले. त्यानंतर साधारण महिन्याभराने, २४ ऑगस्टला, सुमारे तीन टन सामान नेणारे प्रोग्रेस कक्षेत पोहोचण्याआधीच सायबेरियात कोसळले. अटलांटिसने आणलेल्या साठ्यामुळे स्थानकावर टंचाई झाली नाही, हे श्रेय त्या चौघांचे निःसंशय. सोयुझचे अग्निबाणही त्याच घराण्यातले असल्याने माणसांची पुढली फेरी नोव्हेंबरपर्यंत लांबली. चौकशीत इंजिनातला दोष सापडला आणि ३० ऑक्टोबरला नवे प्रोग्रेस निघाले. मध्ये ६७ दिवस गेले होते. या अपघातात जीव कोणाचाच गेला नव्हता.