उपग्रहाची विद्या आणि शेताचा बांध

आपल्या सभासदांपैकीं अनेकांचीं मुलें आज विद्यापीठांतून भूगोल, कृषि किंवा अभियांत्रिकी शिकत आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमांत दूरसंवेदन, भौगोलिक माहिती-प्रणाली व शाश्वत विकास हीं नांवें आतां वारंवार दिसूं लागलीं आहेत. वडिलांनीं विचारिलें तर मुलगा सांगतो कीं, आकाशांतून घेतलेल्या चित्रांवरून पीक, पाणी व जमीन ओळखण्याची ही विद्या आहे. हें ऐकून कांहीं जण मान डोलवितात, कांहीं जण हंसतात. आम्हांस दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. ज्या विद्येच्या आधारें आपल्या पिकाचा अंदाज ठरूं लागला आहे, ती कशी शिकविली जाते हें पाहणें आपलें काम आहे.

ही विद्या आपल्या देशांत नवी नाहीं, आणि तिचा आरंभ शेतांतूनच झाला. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांनीं केरळांतील नारळीच्या बागांचीं अवरक्त छायाचित्रें हेलिकॉप्टरांतून घेऊन मुळांच्या रोगानें ग्रासलेलीं झाडें ओळखून दाखविलीं. डेहराडूनची संस्था १९६६ पासून हवाई चित्रांचें वाचन शिकवीत आली आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें १९७६ सालीं या विषयाचें केंद्र निघालें. १७ मार्च १९८८ रोजीं आपला पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह आय. आर. एस.-१ए अंतराळांत गेला, व त्याच वर्षीं नागपुरास राज्याचें सुदूर संवेदन केंद्र स्थापन झालें. तेव्हां ‘हे विलायतेचें खूळ आहे’ असें म्हणून ही गोष्ट उडवून लावणें योग्य होणार नाहीं.

शिवाय आतां यांत पैशाचा प्रश्न आला आहे. २०२३ च्या खरिपापासून पीक विमा योजनेंत भात व गहू यांचें उत्पन्न ठरवितांना दूरसंवेदनाच्या अंदाजास किमान ३० टक्के वजन देण्याचें धोरण केंद्र सरकारनें आणिलें. पीककापणी प्रयोगाच्या वेळीं शेतकरी निदान खळ्यावर उभा राहूं शकत असे, व वजनकाट्याकडे पाहूं शकत असे. उपग्रहाच्या आंकड्याशीं वाद कोणीं व कसा घालावा? तो आंकडा समजणारा माणूस आपल्या गांवांत असला पाहिजे, आणि आंकडा काढणाऱ्या माणसानें आपलें गांव पाहिलें असलें पाहिजे. यांतील दुसरी गोष्ट विद्यापीठांच्या हातीं आहे.

उपग्रहास काय दिसत नाहीं, याचा साधा हिशेब करूं. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील लिस-३ या यंत्राच्या चित्रांत एक चौकट २३.५ मीटर लांब-रुंद असते, म्हणजे सुमारें ५५० चौरस मीटरांची. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर, अर्थात् सात चौकटी. वांटण्या होऊन आपलीं शेतें पट्ट्यांसारखीं झालीं आहेत. ४० मीटर रुंद व १०० मीटर लांब अशा एकराच्या पट्टींत अधिकांत अधिक चार चौकटी पूर्णपणें आपल्या असतील. बाकीच्यांत शेजाऱ्याचें पीक, बांधावरची बाभूळ व गाडीवाट मिसळलेली असेल. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चौकट १० मीटरांची आहे. तीमुळें चित्र सुधारतें, पण ऐन श्रावणांत ढग दाटले म्हणजे तीही आंधळी होते. ढगांपलीकडे पाहणारें रडार आहे. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार उपग्रह त्याच जातीचा आहे. परंतु रडारास जें दिसतें तें सोयाबीन कीं उडीद, हें अखेर कोणीतरी शेतांत जाऊनच ठरवावें लागतें. सोयाबीन निघाल्यावर त्याच वावरांत तुरीच्या ओळी उभ्या राहतात, हें ज्याच्या घरीं औत आहे त्यास सांगावें लागत नाहीं. गणकयंत्रास मात्र तें शिकवावें लागतें.

या संबंधांत आपल्या इतिहासांतील एक धडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभीं प्रिंगल या अधिकाऱ्यानें दख्खनच्या जमिनींचा सारा ठरविला. खर्च वजा जातां उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवावा, हा विलायतेंतील कॉलेजांत शिकलेला सिद्धान्त त्याच्या मागें होता, व गणितही मोठें बारीक होतें. पण गणिताखालचे आंकडे कच्चे होते. बंदोबस्त ढासळला, आणि १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांस काम पुन्हां हातीं घ्यावें लागलें. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचा सिद्धान्त बाजूस ठेविला, व जमिनीचा रंग, खोली व दोष प्रत्यक्ष पाहून प्रतवारी लाविली. शंकुसाखळीची जागा आज उपग्रहानें घेतली आहे, पण जुना नियम तोच आहे: पायाखालची माती न पाहतां काढलेला हिशेब रयतेस बाधतो.

शाश्वत विकासाच्या बाबतींत तर हा धोका अधिक आहे. भर उन्हाळ्यांत ज्या गावाचें शिवार चित्रांत हिरवें दिसतें, तें संपन्न आहे असें नवशिका विद्यार्थी लिहून मोकळा होईल. त्या गांवच्या विहिरींत दोर सोडला तरच कळेल कीं, ही हिरवाई खोल विंधनविहिरींच्या उपशावर उभी आहे, व नातवंडांच्या वांट्याचें पाणी आजच्या उंसास जात आहे. पुढील पिढीच्या गरजांस धक्का न लावतां आजची गरज भागविणें, हीच शाश्वत विकासाची व्याख्या १९८७ सालच्या ब्रुंटलंड आयोगानें केली. ती परीक्षेंत लिहितां येणें वेगळें, आणि विहिरीच्या कांठावर बसून समजणें वेगळें.

म्हणून विद्यापीठांस आमच्या तीन सूचना आहेत. एक, या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें एका गांवीं पेरणीपासून काढणीपर्यंत एक पुरा हंगाम काम करावें, व आपल्या नकाशाची पडताळणी बांधोबांध फिरून करावी. दुसरी, प्रत्येक नकाशावर तो शंभरांत किती ठिकाणीं चुकला हें ठळक छापावें. तिसरी, तयार झालेला नकाशा मराठींत समजावून ग्रामसभेपुढें मांडावा, व शेतकऱ्यांनीं दाखविलेल्या चुका दुरुस्त झाल्याखेरीज त्यास गुण देऊं नयेत.

सहा महिन्यांच्या सत्रांत हें बसत नाहीं, असें प्राध्यापकमंडळी म्हणतील. त्यांची अडचण खोटी नाहीं. पण खरीप हा सत्राच्या सोयीनें येत नाहीं. सत्रानेंच खरिपाच्या सोयीनें वाकलें पाहिजे. राज्यांत राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशीं चार कृषि विद्यापीठें आहेत व त्यांचीं प्रक्षेत्रें आहेत. भूगोल विभागांनीं त्यांशीं हातमिळवणी केली तर काम अर्धें हलकें होईल.

आतां आपल्या घरचें. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, व आपलें पीक आपण नोंदविण्याचा अधिकार आपल्या हातीं आला. शेजाऱ्यानें लाविलें म्हणून किंवा मदत मिळेल म्हणून वावरांत नसलेलें पीक आपण नोंदविलें, तर त्या नोंदीच्या आधारें उपग्रहाचा अंदाज तपासणारासही आपण खोटेंच शिकवितों, व उद्यां चुकीच्या आंकड्याबद्दल तक्रार करण्याचा आपला हक्क दुबळा होतो. तसेंच, हातांत मोबाइल घेऊन बांधावर आलेल्या विद्यार्थ्यास ‘येथें काय काम आहे?’ असें विचारून परत लावूं नये. त्यास ओटीवर बसवावें, पाणी द्यावें, आणि मग शेत दाखवावें. उद्यां आपल्या गांवच्या पिकाचा आंकडा ठरवणारा तोच असेल. त्यानें आपली माती एकदां हातांत घेतलेली असावी, एवढीच आमची इच्छा आहे.