दोन कॅमेऱ्यांचा ताळेबंद

घरातील मोठी खरेदी ठरवताना दोन प्रश्न हमखास विचारले जातात : वस्तू केवढ्याला पडेल आणि ती किती वर्षे टिकेल. ती वर्षातून कितीदा हातात घेतली जाईल, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. घर किंवा शेतजमीन घेताना त्यावाचून फारसे अडत नाही. कॅमेऱ्याच्या खरेदीत मात्र सारा हिशेब या तिसऱ्या प्रश्नाभोवतीच फिरतो.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावातले एक व्यापारी कुटुंब वाचकांनी नजरेसमोर आणावे. कापूस आणि धान्याचा व्यवहार, घरात वयोवृद्ध आजी-आजोबा, नुकताच बी.कॉम. झालेला नातू. नातवाला मिररलेस कॅमेरा हवा आहे. लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी त्याची इच्छा आहे. खिशात मावणारा छोटा कॅमेरा पुरे, असे वडिलांचे म्हणणे. आजी-आजोबांना कचनेर आणि कुंथलगिरीची यात्रा घडवायची आहे, तिथे तो उपयोगी पडेल आणि कर्जही काढावे लागणार नाही. पिता-पुत्र दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि म्हणूनच वाद मिटत नाही. अशी कुटुंबे आज गावोगाव आहेत.

हा पेच नवा नाही. ज्या निजाम राजवटीत बीड जिल्हा १९४८ पर्यंत होता, तिथे दरबारी छायाचित्रकार म्हणून नावाजले गेलेले राजा दीनदयाळ हे जैन कुटुंबात जन्मलेले गृहस्थ. जन्म १८४४ सालचा, मीरतजवळच्या सरधन्याचा. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले. तिथे छायाचित्रणाचा छंद जडला आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी त्याचाच व्यवसाय केला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. त्यांच्या काळात लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या पट्ट्यांच्या पेट्या वाहून न्यायला माणसे लागत. ते ओझे त्यांना परवडे, कारण त्यावर त्यांचा चरितार्थ चालत होता. त्याच सुमारास, १८८८ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाचा हातात धरता येणारा पेटीवजा कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर छायाचित्रांची फीत आधीच भरलेली असे. फीत संपली की कॅमेरा कारखान्यात पाठवायचा आणि तयार छायाचित्रे परत यायची. एकीकडे चरितार्थाचा कॅमेरा आणि दुसरीकडे आठवणींचा कॅमेरा, अशा दोन वाटा तेव्हाच निघाल्या. मिररलेस आणि अल्ट्राकॉम्पॅक्ट ही त्या वाटांची आजची नावे.

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावर आदळून वर डोळ्यापर्यंत जात असे आणि कळ दाबताच आरसा उचलला जाई. आता प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि चित्र विद्युत पडद्यावर दिसते. आरसा गेल्याने कॅमेऱ्याची जाडी आणि वजन घटले, परंतु भिंग बदलण्याची सोय कायम राहिली. पॅनासॉनिकचा जी-१ हा या जातीचा कॅमेरा २००८ मध्ये आला. कॅनन आणि निकॉन या बड्या कंपन्या २०१८ मध्ये पूर्ण आकाराच्या सेन्सरसह या वाटेवर उतरल्या. आज व्यावसायिक छायाचित्रकाराची नवी खरेदी बहुधा याच जातीची असते.

अल्ट्राकॉम्पॅक्ट हा सदऱ्याच्या खिशात मावणारा कॅमेरा. त्याचे भिंग आतच बसवलेले असते. चालू केला की ते बाहेर येते, बंद केला की आत मिटते. ते बदलता येत नाही, पण त्यामुळेच बदलण्याचा खर्चही नाही.

दोहोंतील खरा फरक सेन्सरच्या क्षेत्रफळात आहे. मध्यम किमतीच्या मिररलेसमधील एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ३६६ चौरस मिलिमीटर असतो. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यातील सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटर. पाऊस सारखाच पडत असला तरी परातीत आणि वाटीत सारखे पाणी साठत नाही, तसाच हा प्रकार आहे. भर उन्हात वाटीही भरते, म्हणून यात्रेतील दुपारचे छायाचित्र दोन्ही कॅमेऱ्यांचे चांगलेच येते. रात्रीच्या मांडवात किंवा मंदिरातील समईच्या उजेडात मात्र छोट्या सेन्सरच्या चित्रावर दाणे उमटतात आणि हलणारी माणसे पुसट होतात. महागड्या छोट्या कॅमेऱ्यांत एक इंची म्हणून ओळखला जाणारा, सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा सेन्सर असतो. तो दोहोंच्या मधला मार्ग होय, पण त्याची किंमत अनेकदा साध्या मिररलेसच्या वर जाते. छोटे म्हणजे स्वस्त, ही समजूत इथे फसवी ठरते.

आता जमाखर्च मांडू. समजा, मिररलेस, दोन भिंगे, जादा बॅटरी, मेमरी कार्डे आणि पिशवी मिळून १,२०,००० रुपये लागले. पाच वर्षांनी त्याचे ३०,००० रुपये येतील असे धरले, तर घसारा वर्षाला १८,००० रुपये. छोटा कॅमेरा समजा ४०,००० रुपयांचा, आयुष्य चार वर्षे आणि शेवटी मोल शून्य. त्याचा घसारा वर्षाला १०,००० रुपये. मिररलेस वर्षातून साठ दिवस वापरला गेला, तर दिवसाला ३०० रुपये पडतात. सणावाराला बारा दिवसच कपाटाबाहेर आला, तर तोच आकडा १,५०० वर जातो. छोटा कॅमेरा शंभर दिवस खिशात राहिला, तर दिवसाला अवघे १०० रुपये. वस्तू त्याच आणि किंमतीही त्याच, परंतु वापर बदलला की स्वस्त-महाग यांची जागा बदलते.

यात कराचाही वाटा आहे. डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नोंदणीकृत व्यावसायिकाला या कराची वजावट मिळू शकते. मात्र ज्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, अशा गावपातळीवरच्या छायाचित्रकारासाठी तो करही किमतीचाच भाग ठरतो.

नातवाचा विचार व्यवसायाचा असल्याने कर्जाचा प्रश्न येतोच. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत अशा लहान व्यवसायाला तारणाविना कर्ज मिळू शकते. ‘शिशु’ गटाची मर्यादा ५०,००० रुपयांपर्यंत आहे, ‘किशोर’ गटाची त्यापुढे पाच लाखांपर्यंत. समजा, २०,००० रुपये घरचे घातले आणि एक लाख कर्ज घेतले. व्याज बारा टक्के आणि मुदत छत्तीस महिने धरली, तर मासिक हप्ता सुमारे ३,३२० रुपये येतो. एकूण व्याज साधारण १९,५०० रुपये, म्हणजे वर्षाला सरासरी ६,५०० रुपये. त्यात १८,००० रुपयांचा घसारा मिळवला की पहिली तीन वर्षे वर्षाकाठी २४,५०० रुपयांचा भार पडतो. प्रवास, अल्बम आणि मदतनीस यांचा खर्च वजा जाता एका कामातून १,५०० रुपये उरत असतील, तर पहिली सतरा कामे केवळ कॅमेऱ्याची. स्वतःची कमाई अठराव्या कामापासून सुरू होते.

कागदावर हे जमते. अडचण पंचांगात आहे. आषाढी एकादशी उलटली की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. या चार महिन्यांत मांडव पडत नाहीत, पण हप्ता थांबत नाही. चार हप्त्यांचे सुमारे १३,३०० रुपये उन्हाळ्याच्या लग्नसराईतच बाजूला काढून ठेवावे लागतात. शिवाय ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी लग्ने साधी होतात आणि छायाचित्रकाराच्या मानधनाला पहिली कात्री लागते. मराठवाड्यातील व्यवसायाचा अंदाज बांधताना कापसाचा भाव आणि पावसाचे मान यांना वगळता येत नाही. हप्ते थकले तर कॅमेऱ्याबरोबर तरुणाची पतही घसरते. बावीस-तेविसाव्या वर्षी बिघडलेली पतनोंद पुढे घरकर्जाच्या वेळी आडवी येते.

आणखी एक धोका आहे, तो पैशांत मोजता येत नाही. लग्न पुन्हा लागत नाही. अनेक प्रारंभिक मिररलेस कॅमेऱ्यांत एकाच कार्डाची खाच असते. ऐन अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी ते कार्ड बिघडले, तर त्या घराचे नुकसान भरून देता येत नाही. व्यावसायिक छायाचित्रकार दोन खाचांचा कॅमेरा किंवा दुसरा कॅमेरा सोबत बाळगतात, ते यासाठीच. म्हणून सव्वा लाखाचा अंदाज हा व्यवसायाचा आरंभ होय, संपूर्ण भांडवल नव्हे. भिंगांचेही तसेच. एक घेतले की दुसऱ्याची गरज भासू लागते. परिग्रहाला मर्यादा घालण्याची शिकवण ज्या घरांत आहे, त्यांनी खरेदीच्या दिवशीच भिंगांची संख्या लिहून ठेवावी आणि पुढचे भिंग मागच्याच्या कमाईतून घ्यावे.

वडिलांच्या बाजूचाही ताळा पाहिला पाहिजे. कुंथलगिरीच्या डोंगरावर आजोबांचा हात धरून चढणाऱ्या माणसाला गळ्यात किलोभर ओझे नको असते. एका हाताने खिशातून काढावा, छायाचित्र घ्यावे आणि पुन्हा तोच हात आजोबांना द्यावा, हे छोट्या कॅमेऱ्यालाच साधते. गेवराई परिसरातील उन्हाळी धुळीत भिंग बदलणे म्हणजे सेन्सरवर धूळ बसवून घेणे. छोट्या कॅमेऱ्यात सेन्सर तसा उघडा पडत नाही, मात्र मिटणाऱ्या भिंगाच्या फटीत रेतीचा कण अडकला तर तोही अडून बसतो. आणि दुरुस्तीसाठी दोन्ही कॅमेरे मोठ्या शहरातच न्यावे लागतात.

परंतु वडिलांच्या हिशेबात एक नोंद राहून गेली आहे, ती मोबाइलची. २०१० मध्ये जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते आणि त्यांत बहुसंख्य छोटेच होते. २०२३ मध्ये एकूण संख्या ऐंशी लाखांच्याही आत आली. छोट्या कॅमेऱ्याची जागा मोबाइलने घेतली, हे त्यामागचे मुख्य कारण. म्हणून घरात चांगला मोबाइल असेल, तर छोटा कॅमेरा घेण्यापूर्वी त्याच्याकडून नेमके जास्तीचे काय मिळणार, ते लिहून काढावे. दूरचे दृश्य खऱ्या भिंगाने जवळ आणता येणे, अंधारात प्रखर फ्लॅश, बोटाला जाणवणारी कळ आणि फोन आला तरी न थांबणारे काम, एवढे लाभ खरोखर हवे असतील तर तो घ्यावा. एरवी ते चाळीस हजार रुपये मुदत ठेवीत अधिक सुखाने राहतील.

मग या कुटुंबाने काय करावे? यात्रा लांबणीवर टाकू नये. आजोबांचे वय कॅमेऱ्याच्या निवडीसाठी थांबणार नाही. घरातील मोबाइल घेऊन याच हिवाळ्यात निघावे. नातवाने एक लग्नसराई गेवराईच्या किंवा बीडच्या एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराच्या हाताखाली काढावी. शहरांत मिररलेस कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन-चार कामे तशी करून पाहावीत आणि प्रत्येक कामाची जमा व खर्च एका वहीत लिहावी. वर्षअखेर त्या वहीत पंचवीस कामे आणि प्रत्येक कामामागे उरलेली रक्कम दिसली, तर वडिलांनी स्वतः जामीन राहावे. बँकेतही ती वही कोणत्याही शिफारशीपेक्षा अधिक बोलते. कामे दहाच्या आत राहिली, तर नातवाची हौस खोटी ठरत नाही. फक्त कर्ज टळते, आणि तेही थोडे नाही.

कॅमेरा कोणताही असो, शेवटची नोंद एकच. यात्रेहून परतल्यावर छायाचित्रे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावीत आणि त्यांतील निवडक वीस-पंचवीस कागदावर छापून घ्यावीत. त्यांच्या मागे साल, स्थळ आणि माणसांची नावे लिहावीत. पन्नास वर्षांनी सेन्सरचे क्षेत्रफळ कोणी विचारणार नाही. हे आजोबा कोणाचे, एवढेच विचारले जाईल, आणि त्याचे उत्तर त्या कागदाच्या पाठीवर असले पाहिजे.