हरलेल्याचं काय?

मागच्या महिन्यात दाजींनी भाच्याचा मोबाईल फरशीवर आपटला. भाचा लातूरला खोली करून राहतो, नीटची तयारी करतो. क्लासच्या टेस्टमध्ये मार्क घसरले, घरी मेसेज गेला, दाजी मुखेडहून पहिल्या गाडीने लातूरला पोचले, तर साहेब कॉटवर आडवे होऊन बीजीएमआय खेळत होते. मग काय... ताईचा रडत फोन. "तू समजाव त्याला, तुझं ऐकतो." मी पडलो मामा. शिवाय मी स्वतः एकेकाळी नांदेडच्या नेट कॅफेत काउंटर-स्ट्राइकवर भरपूर पैसे उडवलेले असल्यामुळे घरात मला या विषयातला (वाया गेलेला) तज्ज्ञ मानतात.

समजवायला गेलो आणि स्वतःच विचारात पडून परत आलो. कारण पोरगं म्हणालं, "मामा, तिथं मी माझ्या लेव्हलच्या पोरांशी खेळतो. आणि हरलो तरी कुणाच्या घरी मेसेज जात नाही."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. पण या निमित्ताने दोन्हीकडच्या मंडळींशी थोडं भांडायचं आहे. "गेमवर बंदी घाला" म्हणणाऱ्यांशी, आणि "गेमच तर आहे" म्हणणाऱ्यांशीही.

आधी बंदीवाल्यांकडे येतो. मार्च २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगोलीत रेल्वेरुळाजवळ पब्जी खेळण्यात गुंग असलेले दोन तरुण रेल्वेखाली गेले. भयंकर घटना. त्याच महिन्यात तिकडे राजकोटमध्ये पोलिसांनी पब्जी खेळणाऱ्या पोरांना चक्क अटक केली होती. पुढे २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पब्जीवर खरोखरच बंदी घातली आणि आमच्याकडे आईबापांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. पण ती बंदी पोरांसाठी नव्हती हो! गलवाननंतर ११८ चिनी ॲपवर जी कारवाई झाली तिच्यात पब्जी होता. कारण दिलं होतं देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती. खेळाच्या रचनेबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. म्हणून तर जुलै २०२१ मध्ये नाव बदलून तोच खेळ बीजीएमआय म्हणून परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास अशी मर्यादा लावली. भाच्याच्या खोलीतल्या चारही पोरांनी बापाच्या नंबरवरून वय मोठं दाखवून ती कधीच ओलांडली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पैशांचा भाग चांगलाच झाला. पण या सगळ्या खटाटोपात एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. माणसाविरुद्ध माणूस असा खेळ रचताना हरलेल्याचं काय करायचं?

माझ्या मते असल्या खेळांचं चांगलं-वाईट ठरवायला हा एकच प्रश्न पुरेसा आहे. जिंकलेल्याचं काय, ते सोपं असतं. फेटा, गदा, चिकन डिनर, काहीही द्या, तो खूशच असतो. रचणाऱ्याची अक्कल हरलेल्यापाशी कळते.

आणि हा प्रश्न काही कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलेला नाही. आपल्या हुतूतूचे जुने तीन प्रकार घ्या. संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत बाद झालेला गडी, आपल्या बाजूने समोरचा एक मारला की जिवंत होऊन परत येतो. गामिनीत एकदा बाद झाला की आख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. अमरमध्ये गडी बाद होऊन बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजतात. झालं! आजचे सगळे मारामारीचे ऑनलाइन गेम या तीन खणांत बसतात. काउंटर-स्ट्राइकची फेरी म्हणजे गामिनी. मेलात की फेरी संपेपर्यंत गप्प बघत बसा. डेथमॅच म्हणजे अमर. पब्जी आला तो शंभर जणांची गामिनी घेऊन. मग गेमवाल्यांच्या लक्षात आलं की मेलेला माणूस कंटाळून निघून जातो. म्हणून २०१९ मध्ये एपेक्स लेजेंड्सने मेलेल्या साथीदाराला परत आणायची सोय केली, २०२० मध्ये वॉरझोनने मेलेल्याला एकास एक लढून परत यायची संधी दिली. म्हणजे कोट्यवधी डॉलर घालून मंडळी संजीवनीपर्यंत पोचली. आपण कबड्डीसाठी तीच निवडून केव्हाच मोकळे झालो होतो. प्रो कबड्डीत तर मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली तर एक गुण जास्त मिळतो. म्हणजे मार खाणाऱ्या बाजूलाच थोडा टेकू. याला म्हणतात डिझाइन.

दुसरी गोष्ट जोडीची. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ज्यांनी कुस्त्यांची दंगल बघितली असेल त्यांना सांगायला नको. मैदानात उतरलेल्या पोरांचे हात धरून जाणती माणसं जोड लावतात. वजन बघतात, उंची बघतात, कुठल्या तालमीचा आहे ते विचारतात. जोड बरोबरीची नसेल तर पब्लिकच ओरडतं. बारक्या पोरांची रेवड्यांवर कुस्ती लागते, मग पुढे वाढत वाढत मोठ्या इनामाची. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले, १९७० ला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले, १९७२ ला रुस्तम-ए-हिंद झाले. असा मल्ल पायरीपायरीनेच घडतो. पहिल्याच दिवशी त्याला कुणी केसरीच्या समोर उभं करत नाही.

गेममध्ये हे जोड लावायचं काम गणित करतं. त्याचा मूळपुरुष अर्पाद एलो नावाचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. त्याने बुद्धिबळासाठी पद्धत काढली. वरचढाला हरवलंत तर जास्त गुण, कच्च्याकडून हरलात तर जास्त दंड. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. आज बहुतेक गेममध्ये तिचीच मुलं-नातवंडं आहेत. भाचा म्हणतो ते खरंच आहे, त्याच्या समोर साधारण त्याच्याच तोलाची पोरं येतात.

इथपर्यंत वाचून "गेमच तर आहे" वाली मंडळी खूश झाली असतील. थांबा. आता तुमची पाळी.

पब्जीच्या खालच्या पायऱ्यांवर नवख्या पोराच्या समोर येणाऱ्यांत बरेचसे माणसं नसतातच, बॉट असतात. नावं माणसांसारखी, पळणं मात्र येड्यासारखं. पोरगं पाच-सात जण मारतं, चिकन डिनर खातं आणि त्याला वाटतं आपण वाघ आहोत. आमच्याकडे याला नूरा कुस्ती म्हणतात, म्हणजे आधीच ठरवून खेळलेली. आखाड्यात नूरा कुस्ती पकडली तर लोक शिव्या देऊन उठवतात. इथं ती खेळाचा पाया आहे आणि समोरचा बॉट होता हे गेम सांगतही नाही. मग वर चढलं की खरी माणसं भेटतात, मार बसायला लागतो, आणि आपण वाघ असल्याची खात्री तर आधीच झालेली असते. मग अजून एक मॅच, अजून एक मॅच... त्यात दर सीझनला कमावलेली पायरी थोडी खाली ढकलतात. म्हणजे कमाई टिकवण्यासाठीच पळत राहायचं. हरलेल्याला सावरायला वेळ मिळत नाही, कारण मेल्यावर मिनिटाभरात दुसरं विमान तयार असतं. आणि ज्याला जिंकता येत नाही त्याच्यासाठी दुकान आहेच, बंदुकीला रंग, अंगाला कपडे.

म्हणजे "हरलेल्याचं काय?" याचं या खेळाचं उत्तर आहे, "त्याला उठू देऊ नका." तालमीतला वस्ताद हरलेल्या पोराला काय सांगतो? आज बस, उद्या पहाटे ये, तो डाव परत करू. नेट कॅफेत आम्ही मेलो की शेजारच्याच्या स्क्रीनवर डोकं घालून तो कसा खेळतो ते बघायचो, आणि तास संपला की कॅफेवाला हाकलायचा. त्या हाकलण्याची किंमत मला आत्ता कळते आहे.

हरलेल्याला गृहीत धरलं की खेळ मरतो, याचं उदाहरणही आहे. १९९७ साली अल्टिमा ऑनलाइन आला. हजारो माणसं एका जगात, आणि गावाबाहेर कुणीही कुणालाही मारून लुटावं अशी मोकळीक. झालं असं की मुरलेले लोक टोळ्या करून नवख्यांना लुटायला लागले आणि नवखे खेळ सोडून जायला लागले. शेवटी २००० मध्ये बनवणाऱ्यांनी जगाची दोन जगं केली. एकात मारामारी, दुसऱ्यात तुमच्या मर्जीशिवाय कुणी हात लावणार नाही. बहुतेक लोक दुसऱ्या जगात निघून गेले. लुटारूंचं म्हणणं असायचं, "दुनिया अशीच असते, टिकायला शिका." हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलंय का? मी ऐकलंय, लातूरच्या एका क्लासच्या पालकसभेत.

आता त्या तिसऱ्या खेळाबद्दल बोललंच पाहिजे. दाजींनी मोबाईल आपटला तो दुसऱ्या एका खेळातली रँक घसरली म्हणून. तो खेळ तर बघा. २०२४ मध्ये नीटला देशभरातून २३ लाखांवर मुलं बसली, एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर. एकच यादी. मुखेडच्या आश्रमशाळेतून आलेलं पोरगं आणि दिल्लीत आठवीपासून क्लास लावलेलं पोरगं, जोड लागलेली! कुठला पंच ही कुस्ती सोडेल? प्रवेशाच्या वेळी क्लासवाले 'स्कॉलरशिप टेस्ट' घेतात. आमचं पोरगं पास झालं, सवलत मिळाली, ताईने गावात साखर वाटली. नंतर कळलं की त्या दिवशी बसलेल्या जवळजवळ सगळ्यांनाच सवलत मिळाली होती. नूरा कुस्तीच की. मग दर आठवड्याला टेस्ट, रँक भिंतीवर, मेसेज बापाला. जिंकलेल्यांचे फ्लेक्स शिवाजी चौकापासून औसा रोडपर्यंत, नांदेडला श्रीनगर-भाग्यनगरात तेच. हरलेल्यांसाठी 'रिपीटर बॅच'. पुन्हा पैसे भरा, पुन्हा विमानात बसा. आणि चीटर म्हणाल तर तेही आहेत. २०२४ च्या पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आला आणि नांदेडच्या एटीएसने शिक्षकांना ताब्यात घेतलं, हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं.

लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या साध्या घरांतली किती पोरं डॉक्टर-इंजिनिअर केली ते मला माहीत आहे. माझ्या वर्गातलेच तिघे आहेत. कॉलेजांनी मेहनतीने उभं केलेलं ते काम होतं. मी त्याला नावं ठेवत नाही. मी एवढंच म्हणतो की ज्यांनी पोराला दिवसाचे बारा तास गामिनीत बसवलंय, त्यांना उरलेल्या एका तासातल्या गेमला व्यसन म्हणायचा अधिकार अर्धाच आहे. पोरगं एका रँकमधून पळून दुसऱ्या रँकमध्ये लपतंय, आणि दोन्हीकडे रचणाऱ्याने हरलेल्याचा विचार केलेला नाही. फरक इतकाच की गेममध्ये निदान जोड तरी बरोबरीची लावतात.

कुणी म्हणेल, स्पर्धा नकोच का मग? हवी ना! कुस्ती मला आवडते, काउंटर-स्ट्राइक आजही आवडतो. पण मागणी अगदी साधी आहे. गेमवाल्यांनो, समोर बॉट असेल तर बॉट आहे असं लिहा, आणि ओळीने चार वेळा हरलेल्या पोराला पुढचं विमान देण्याआधी थोडं थांबवा. क्लासवाल्यांनो, रँक भिंतीवरून काढा, ज्याची त्याला सांगा, आणि मागच्या टेस्टपेक्षा तो किती पुढे आला ते आधी सांगा. आणि आईबापांनो, मेसेज आला की पहिली गाडी पकडू नका. दुसरी पकडा.

बाकी भाच्याचं म्हणाल तर, दाजींनी स्वतःच नवा मोबाईल घेऊन दिला (ताईच्या धाकाने). ठरलंय असं की रविवारी दोन मॅच, त्याही मामासोबत. मी पंचेचाळिशीतला माणूस, मला बंदूक सापडेपर्यंत नॉक होतो. मग तिकडून आवाज येतो, "थांबा मामा, हलू नका, येतो उचलायला." गोळ्या चुकवत येतो आणि उचलतो. त्यात दोनदा स्वतः मेला.

मागच्या रविवारी मॅच संपल्यावर त्याने आपणहून सांगितलं की फिजिक्सला पुन्हा कमी पडलेत. मी म्हणलं, बरं. कुठला धडा आहे, बोल.