वाशिमचा विद्यार्थी आणि बदलीचा प्रश्न

वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. त्याच दिवशी राज्यात अशी एकूण दहा महाविद्यालये सुरू झाली. त्यांत शेजारचे बुलढाणा, अमरावती व हिंगोलीही होते. १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेल्या या जिल्ह्याला शंभर जागांचे महाविद्यालय मिळणे ही मोठीच गोष्ट होय. तथापि प्रवेशाच्या दिवसांत येथील घराघरांत चर्चा चालते ती अशी : वाशिम मिळाले तर ठेवावे, की पुढच्या फेरीत अकोला, यवतमाळ किंवा नागपूरची वाट पाहावी?

हा प्रश्न इतका निकराचा होण्यास कारण आहे. १९९७ च्या नियमांनुसार पहिली व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, मर्यादित प्रमाणात का होईना, दुसऱ्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात बदली मागता येत असे. २०२३ च्या नियमावलीने बदलीस सरसकट मज्जाव केला आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला. पूर्वी वर्षभराच्या अनुभवानंतर घेता येणारा निर्णय अशा रीतीने प्रवेशफेरीच्या चार दिवसांवर येऊन पडला. मिळालेली जागा कायम ठेवण्याचा अर्ज भरला की पुढील फेऱ्यांचे दार बंद होते.

वस्तुतः पदवीत फरक नाही. वाशिम काय नि नागपूर काय, दोन्ही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न, परीक्षाही एकच. फरक आहे तो अध्यापकांचा आणि रुग्णखाटांचा. नागपूरचे महाविद्यालय १९४७ चे, यवतमाळचे १९८९ चे, अकोल्याचे २००२ चे. वैद्यक रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकावे लागते, आणि तेथे शिकवणारा अनुभवी अध्यापक लागतो. म्हणून नागपूरसाठी थांबणाऱ्या मुलीला गावाशी बेइमान ठरवणे अन्यायाचे आहे. दुसरीकडे, सोयाबीनच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराला परगावचा साडेचार वर्षांचा राहण्याजेवणाचा खर्च झेपेलच असे नाही. अशा घरातील मुलाने वाशिम 'निवडले' असे म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय. ज्याला गुण आणि पैसा दोन्हींचे बळ आहे तो बाहेर जातो. ज्याला नाही तो राहतो. मग महाविद्यालय दुय्यम ठरते, आणि दुय्यम ठरलेल्या ठिकाणी अध्यापक येण्यास नाखूष असतात.

नियमांच्या भिंतींनी हे चक्र थांबत नाही, हा महाराष्ट्राचा अनुभव आहे. सत्तर-तीसच्या सूत्राने विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे प्रवेशाचे तीन कप्पे केले होते. रिसोड आणि सेनगाव ही शेजारची गावे. परंतु एक विदर्भात, दुसरे मराठवाड्यात, म्हणून बारावी झालेली मुले निरनिराळ्या रांगांत उभी राहत. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. भिंत गेली, पण जागांची व अध्यापकांची जी विषमता त्या वादाच्या मुळाशी होती, ती केवळ भिंत पडल्याने गेली नाही.

विद्यार्थ्याला शासन दोन्ही बाजूंनी बांधते : २०२३ च्या नियमावलीने शिकतानाची बदली बंद केली, शिकून झाल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. सार्वजनिक पैशावर शिकणाऱ्याने समाजाची सेवा करावी, हे समाजवाद्यांना मान्यच आहे. परंतु करार दुतर्फा असावा लागतो. विद्यार्थ्याला जागा सोडता येत नसेल, तर शासनालाही अध्यापकाची जागा रिकामी ठेवण्याची मुभा असता कामा नये.

यासाठी तीन मागण्या पुढे याव्यात. प्रत्येक शासकीय महाविद्यालयाची विभागवार मंजूर पदे, भरलेली पदे व चालू रुग्णखाटा प्रवेशफेरीपूर्वी जाहीर व्हाव्यात, म्हणजे पालकांना ऐकीव माहितीवर निर्णय घ्यावा लागणार नाही. लोकसेवा आयोगामार्फत कायम अध्यापक नेमून त्यांना वाशिममध्येच निवासस्थाने द्यावीत. आणि आजारपण, अपंगत्व किंवा कुटुंबावरील आपत्ती अशा कारणांसाठी बदलीचे मर्यादित दार उघडे असावे.

जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी पहिल्या मागणीपासून प्रारंभ करावा. त्यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरेसा आहे. हाती आलेले आकडे कारंजा, मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव येथील पालकांपर्यंत पुढील प्रवेशफेरीच्या आत पोचले पाहिजेत.